मुकुट एका संध्याकाळचा, तास रोजचा

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. निझामाच्या राजवटीपासून या गावाचा व्यापारी पेठ म्हणून लौकिक. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे 'महिको' ही बियाण्यांची कंपनी उभी केली आणि जालन्याचे नाव देशभरच्या शेतकऱ्यांच्या ओठी गेले. मग औद्योगिक वसाहत आली. भंगार वितळवून लोखंडी सळया ओढणाऱ्या भट्ट्या रात्रंदिवस पेटू लागल्या, बिहार-उत्तर प्रदेशापासून कामगार आले. पाळणा सोन्याचा, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्या पाळण्यात मुलीला जागा किती?

२०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा या वयोगटात जालना जिल्ह्यात दर हजार मुलांमागे ८७० मुली होत्या. राज्याची सरासरी ८९४ होती. त्याच जनगणनेत जिल्ह्यातील स्त्रियांची साक्षरता जेमतेम साठीच्या घरात होती, पुरुषांची ऐंशीच्या पुढे. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांना विचारले, तुमचे लग्न अठराच्या आत झाले का? राज्यात २१.९ टक्के स्त्रियांचे उत्तर 'हो' असे आले. शेजारच्या परभणीत हे प्रमाण ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के. जालन्यातही साधारण तिघींपैकी एक.

हे आकडे पाहून कोणाही सहृदय माणसाला वाटते, की किशोरवयीन मुलींसाठी आपण काहीतरी करायला हवे. अशा वेळी महिला मंडळ असो, व्यापाऱ्यांचा क्लब असो किंवा कारखानदारांची संघटना, सर्वांच्या डोक्यात बहुधा एकच चित्र उभे राहते. दिवसभराचा सक्षमीकरण मेळावा, मान्यवरांची भाषणे आणि संध्याकाळी रोषणाईत मुलींची स्पर्धा. शेवटी एकीच्या डोक्यावर मुकुट. हेतू चांगला आहे. हौसही चांगली आहे. पण औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी असा घाट घालण्याआधी आपण नक्की कशाला मुकुट घालणार आहोत, याचा विचार व्हायला हवा.

मुकुटांचा इतिहास

मुकुट आपल्याला नवा नाही. १९६६ मध्ये लंडनमध्ये 'मिस वर्ल्ड' झालेली रीटा फारिया ही गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत वाढलेली मुलगी. ती तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. वर्षभराची मुदत संपल्यावर तिने झगमगाट बाजूला ठेवला, वैद्यकीय शिक्षण पुरे केले आणि ती डॉक्टर झाली. तिच्याबाबत मुकुट हा मुक्काम नव्हता, वाटेतला थांबा होता. पुढची वाट तिच्याजवळ आधीपासून होती, म्हणून ती थांब्यावर अडकली नाही.

१९९२ ची गोष्ट वेगळी. नागपुरात जन्मलेली मधु सप्रे मुळात खेळाडू. बँकॉकच्या 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेत ती शेवटच्या तिघींत पोचली. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, अशा अर्थाचा प्रश्न आला. गरिबी एका वर्षात हटत नाही, मी खेळाडूंसाठी क्रीडासंकुल उभारीन, असे तिने सांगितले. ती तिसरी आली. मुकुट या उत्तराने हुकला असे आजही बोलले जाते. तिने उत्तर मनातले दिले होते. परीक्षकांना बहुधा पाठ केलेले हवे होते. जी स्पर्धा मनातल्या उत्तराला गुण देत नाही, ती मुलींना नेमके काय शिकवते?

१९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी दोन जागतिक किताब आणले आणि सौंदर्यस्पर्धांचे लोण महानगरांतून जिल्ह्याच्या गावांपर्यंत आले. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, बंगळूरच्या 'मिस वर्ल्ड' स्पर्धेविरुद्ध मोठी निदर्शने झाली. गंमत अशी, की त्यात स्त्रीच्या शरीराचा बाजार नको म्हणणारे होते आणि आपल्या संस्कृतीत मुलीने असे उभे राहू नये म्हणणारेही होते. घोषणा एक, कारणे परस्परविरुद्ध. आजही जालन्यासारख्या गावात मुलींच्या स्पर्धेला विरोध झाला तर तो याच दोन दारांतून येईल. संयोजकांनी दोघांनाही उत्तर तयार ठेवावे, आणि ते उत्तर एकच असू नये.

बाहेरच्या जगानेही याबाबत धडे घेतले आहेत. फ्रान्सच्या सिनेटने २०१३ मध्ये सोळा वर्षांखालील मुलींच्या सौंदर्यस्पर्धांवर बंदी घालण्याच्या बाजूने मत दिले. 'मिस अमेरिका' स्पर्धेने २०१८ मध्ये पोहण्याच्या पोषाखाची फेरी बंद केली. त्याच अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मोबील गावी १९५८ पासून शाळा संपवणाऱ्या मुलींसाठी एक राष्ट्रीय स्पर्धा भरते. पूर्वी तिला 'ज्युनिअर मिस' म्हणत. त्या स्पर्धेत अभ्यास, मुलाखत, कला, शारीरिक क्षमता आणि वक्तृत्व पाहतात. रूपाला गुण नसतात, आणि बक्षीस म्हणून शिष्यवृत्ती मिळते. स्पर्धा म्हटली की रंग, उंची आणि चाल मोजलीच पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही.

व्यासपीठाची भूक

मग स्पर्धाच नको, नुसती शिबिरे घ्यावीत, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. ते पटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला नटावेसे वाटते, चार लोकांत उभे राहावेसे वाटते, आपले नाव ध्वनिक्षेपकावर ऐकावेसे वाटते. यात पाप काही नाही. उलट, घरात पाणी भरणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी आणि पाहुणे आले की आत जाणारी मुलगी जेव्हा व्यासपीठावर स्वतःचे नाव मोठ्याने सांगते, तेव्हा समोर बसलेल्या बापालाही ती नव्याने दिसते. अशी संधी चार भिंतींच्या शिबिरात मिळत नाही.

आपल्याकडे मुलींची स्वतःची व्यासपीठे होतीच. कुठे भोंडला, कुठे हादगा, कुठे भुलाबाई. मुलींनी फेर धरायचा, गाण्यातून सासर-माहेरची उणीदुणी काढायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. तिथे परीक्षक नव्हते, हरणारी कोणी नव्हती. खिरापत सर्वांच्या हातावर पडायची. पण त्या फेरातले सारे बोलणे लग्नाभोवती फिरायचे, कारण मुलीचे आयुष्यच लग्नाभोवती बांधलेले होते.

त्या फेराबाहेर पाऊल टाकणारी एक मुलगी महाराष्ट्राने फार आधी पाहिली आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग आणि महार समाजांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. आज तो निबंध मराठीतल्या दलित साहित्याच्या आरंभाशी ठेवला जातो. तिच्या मागे काय होते? शाळेतली काही वर्षे आणि रोज शिकवणारे कोणीतरी. आधी तास झाले, मग व्यासपीठ मिळाले. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि आपल्या मेळाव्यांत नेमका तोच उलटा होतो.

पाचोडचा धडा

या क्रमाचा पुरावा शोधायला दूर जायला नको. जालन्याहून अंबडमार्गे पुढे गेले की पैठण तालुक्यातले पाचोड लागते. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने डॉ. अशोक द्यालचंद यांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांत अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग सुरू केला. बारा ते अठरा वयाच्या मुली. त्यातही शाळा सुटलेल्या आणि कामाला जाणाऱ्या मुलींवर भर. सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एक तास, असे वर्षभरात २२५ तास. शिकवणारी बाई बाहेरून आलेली विदुषी नव्हती; त्याच गावातली, किमान सातवी शिकलेली आणि प्रशिक्षण दिलेली होती. आरोग्य, आहार, बालसंगोपन, गावातल्या संस्था कशा चालतात, अडचण आली तर कोणाशी कसे बोलावे, असे विषय होते. अभ्यासक्रम ठरवताना आई-बापांनाही विचारात घेतले होते.

परिणाम काय झाला? १९९७ ते २००१ या काळात त्या भागातल्या मुलींचे लग्नाचे मध्यवर्ती वय सोळावरून सतरावर गेले. ज्या भागात असा वर्ग नव्हता, तिथल्या मुलींचे लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता वर्गातल्या मुलींच्या सुमारे चौपट निघाली. एक वर्ष म्हणजे फार नव्हे, असे वरवर वाटेल. पण सोळा आणि सतरा यांच्यामध्ये एक दहावीची परीक्षा असते, एक प्रवेश अर्ज असतो, आणि अकाली येणारे बाळंतपण वर्षभर पुढे गेलेले असते.

पाचोडमध्ये मुकुट नव्हता, रोषणाई नव्हती, पाहुण्यांचे सत्कार नव्हते. फक्त रोजचा तास होता. जालन्याच्या संयोजकांनी मुकुट अवश्य ठेवावा, पण तो या तासाच्या शेवटी ठेवावा. वर्षभराचा वर्ग आधी आणि मेळावा त्याच्या समारोपाला, असा बेत हवा. जी रक्कम मंडप, ध्वनिक्षेपक आणि सत्काराच्या शालींवर जाते, तिच्यातून शिकवणाऱ्या बायांचे मानधन प्रथम काढून ठेवावे. उरेल त्यात मंडप.

केव्हा, कुठे, कसा?

तारीख ठरवताना बहुतेक संयोजक पंचांग पाहतात किंवा मंत्र्यांची सोय. मराठवाड्यात पाहायचा तो उसाचा हंगाम. सावित्रीबाईंच्या जयंतीचा ३ जानेवारी हा आपल्याकडे बालिका दिन. भाषणाला तो उत्तम. पण अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्याबरोबर मुलीही जातात, आणि मुलीला मागे एकटी कोणाकडे ठेवायची या काळजीपोटी अनेक लग्ने उरकली जातात. जानेवारीत मेळावा घेतला, तर जिला त्याची सर्वांत जास्त गरज तीच फडावर असेल. म्हणून मेळावा दसऱ्याच्या आत, सप्टेंबरात घ्यावा. मुलीला नातलगांकडे, वसतिगृहात किंवा कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात ठेवण्याची सोय करायला तेवढे दिवस हाती उरतात.

जागा शाळेची असावी. मंगल कार्यालय स्वस्तात मिळेल, पण मुलीच्या पहिल्या सत्काराला लग्नाचाच मांडव कशाला? वेळ दिवसाची ठेवावी. पाच वाजता कार्यक्रम संपून मुली घराकडे निघालेल्या हव्यात. वसाहतीत पाळ्यांचे काम असते, तेव्हा कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीचा दिवस धरला तर बापांना येता येईल. येण्या-जाण्यासाठी वाहन, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ, कडी लागणारी स्वच्छतागृहे या तीन गोष्टी प्रमुख पाहुण्यांपेक्षा महत्त्वाच्या. जिल्ह्यातल्या कितीतरी मुली मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्यांमुळे हायस्कुलात पोचल्या. वाहन मिळाले की मुलगी शिकते, हे मराठवाड्याने पाहिलेले आहे.

प्रवेश शुल्क एक पैसाही नसावे. पोषाख शाळेचा गणवेश किंवा घरचे रोजचे स्वच्छ कपडे. भाड्याचे घागरे नकोत, म्हणजे कोणाच्या आईला उसनवारी करावी लागणार नाही. आई-बापांची लेखी संमती घ्यावी. छायाचित्रे एकाच नेमलेल्या व्यक्तीने काढावीत, आणि कोणत्याही मुलीचे छायाचित्र नाव-गावासह मोबाइलवर फिरू देऊ नये. या मुली अज्ञान आहेत, ही गोष्ट प्रायोजकांच्या फलकापेक्षा मोठ्या अक्षरांत लक्षात ठेवावी. निवेदन मराठीबरोबर हिंदीतही हवे; वसाहतीतल्या अनेक घरांत मराठी ही शाळेची भाषा आहे, चुलीपाशी दुसरीच बोलली जाते. या मुलींना उपरे वाटले तर सगळे मुसळ केरात.

गुण कशाला?

स्पर्धेची गुणपत्रिका हाच या साऱ्या खटाटोपाचा आत्मा. रंग, उंची, केस यांना शून्य गुण, हे आधीच जाहीर करावे. मग मोजायचे काय? मुलीने पाच मिनिटे आपल्या वस्तीतल्या एका अडचणीबद्दल बोलावे आणि तिच्यावर उपाय सुचवावा. बँकेत पैसे भरण्याची चिठ्ठी लिहावी. एसटीचे वेळापत्रक वाचून परतूरला जाऊन संध्याकाळी परत कसे यायचे ते सांगावे. गटाने एखादे नाटुकले बसवावे. कबड्डी खेळावी, सायकल चालवावी. गाणे, नाच, रांगोळी हेही असावे. त्यांचाही आनंद आहे. परीक्षकांत मुख्याध्यापिका, परिचारिका, महिला पोलीस, बँकेतली कर्मचारी आणि गेल्या वर्षीच्या वर्गातली एक मुलगी. मुलाखतीत मनातल्या उत्तराला गुण असावेत. एखादी म्हणाली, मला समाजसेवा नको, मला वीजतंत्री व्हायचे आहे, तर तिचा मुकुट हुकू नये.

बक्षिसे अशी असावीत, की ती घेऊन मुलगी घरी गेली तर घराचा हिशेब बदलेल. सायकल, वर्षभराची पुस्तके, आयटीआयच्या प्रवेशाचा खर्च. इथे कारखानदारांची खरी कसोटी आहे. ज्या दारांतून बाप रोज कामाला जातो, त्या दारांतून मुलगी प्रयोगशाळेत, भांडारात, विद्युत विभागात किंवा हिशेबनिसाच्या टेबलावर शिकाऊ उमेदवार म्हणून जाऊ शकेल का? १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने शिकाऊ उमेदवार घेण्याची व्यवस्था आहे. सत्काराचा नारळ देण्यापेक्षा अठरा पूर्ण झाल्यावर अशी एक जागा देण्याचे लेखी पत्र मेळाव्यात वाचून दाखवावे.

आणि मुलींना वसाहतच दाखवावी. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाड्यातले संकुल २०१८ पासून याच जालन्यात, वाढीव औद्योगिक क्षेत्रात चालू आहे. देशभरात नावाजलेल्या संस्थेचे दार आपल्या वस्तीजवळ आहे, आणि तिथे जाण्यासाठी अकरावीला विज्ञान घ्यावे लागते, हे कामगाराच्या मुलीला कोणीतरी सांगायला हवे. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्कही माफ आहे. ही माहिती एका पानावर छापून प्रत्येकीच्या हातात द्यावी. एक तासाच्या भाषणापेक्षा ते पान जास्त काळ टिकेल.

बाप कुठे बसणार?

मुलींच्या मेळाव्यात बापांना मागच्या रांगेत उभे करतात किंवा बोलावतच नाहीत. लग्न ठरवतो कोण? तेव्हा त्यांना पुढे बसवावे, आणि दुपारी मुलींचे खेळ चालू असताना बापांची आणि भावांची वेगळी बैठक घ्यावी. कायदा स्वच्छ शब्दांत सांगावा. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा होते, १९७८ पासून ते अठरा आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार सज्ञान नवरदेव, लग्न लावणारे आणि जमवणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी हे लग्न थांबवण्याची जबाबदारी असलेले अधिकारी आहेत. १०९८ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पण नुसता धाक दाखवू नये. मुलीचे लग्न लवकर करणारा प्रत्येक बाप निर्दय नसतो. त्याला भीती असते: रस्त्याची, बदनामीची, वाढत्या हुंड्याची, सहा महिने गावाबाहेर राहावे लागण्याची. मुलगी सुरक्षित कुठे राहील, हे त्याला दिसले पाहिजे. वर्गाची बाई, वसतिगृहाची जागा, बसची वेळ या गोष्टी कायद्याच्या कलमापेक्षा त्याला जास्त समजतात. बैठकीत प्रत्येक बापाला एकच प्रश्न विचारावा: तुमची मुलगी कितवीत आहे आणि तिला कोणता विषय आवडतो? कित्येकांना उत्तर येणार नाही. ते घरी जाऊन मुलीलाच विचारतील. तेवढे झाले तरी बैठक सार्थकी लागली.

उगवणशक्ती

जालना हे बियाण्यांचे गाव आहे. पिशवीवर चित्र कितीही छान असो, शेतकरी मागे छापलेली उगवणशक्ती वाचतो. पेरल्यावर शंभरातले किती दाणे उगवले, यावर तो पुढच्या वर्षी ते वाण घ्यायचे की नाही ते ठरवतो. मुलींच्या कार्यक्रमांना मात्र आपण ही कसोटी कधी लावत नाही. मेळाव्याला किती जणी आल्या, हे बातमीत येते. वर्षाने त्या कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा एवढे करावे. वर्गात नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलीची यादी वर्गाच्या बाईकडे असावी. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आपल्याकडे लग्ने फार. ती उलटली की मे महिन्यात बाईने यादी घेऊन घरोघर जावे. कोण शाळेत आहे, कोण कामाला लागली, कोणाचे लग्न झाले, कोणाचे ठरून मोडले, ते नावापुढे लिहावे. ही नावे चव्हाट्यावर आणू नयेत, पण एकूण आकडा संयोजकांनी आणि देणगीदारांनी समोर ठेवून बसावे. सप्टेंबरात मुकुट कोणाला मिळाला, हे तोवर गाव विसरलेले असेल. मेमधला तो आकडा मात्र विसरू नये. पुढच्या वर्षीचे मंडपाचे पैसे द्यायचे की वर्गाचे, हे त्याच्यावरूनच ठरवावे.